दुपारची वामकुक्षी, दुपारचं सुशेगाद

गेल्या मे महिन्यात पुण्याहून माझा आतेभाऊ सहकुटुंब आला होता. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ऐन दुपारी न्हाणीतला नळ गळायला लागला. मी म्हटलं, "दादा, आता बादली लावू, चार वाजता वॉशर आणू." त्याला काही ते पटेना. टोपी घालून तो फोंड्याच्या बाजारात गेला आणि अर्ध्या तासाने घामाने निथळत, हात हलवत परत आला. "एक दुकान उघडं असेल तर शपथ! तुमचा गोवा म्हणजे अगदीच सुशेगाद हं." सुशेगाद म्हणजे निवांत, आरामशीर.

मी त्याला कोकम सरबत दिलं आणि पुण्यातल्या '१ ते ४ बंद' या जगप्रसिद्ध पाटीची आठवण करून दिली. क्षणाचाही विचार न करता तो म्हणाला, "ती शिस्त आहे रे."

चारला आम्ही दोघं गेलो. हार्डवेअरवाले काका शटर वर करत होते. पँटचे पाय अजून दुमडलेले, पोटऱ्यांपर्यंत चिखल. दुपारी जेवून ते कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, गेले होते. पाण्याची पाळी होती, पोफळींच्या आळ्यांत पाटाचं पाणी फिरवून तसेच आले होते. सकाळी साडेआठला उघडलेलं दुकान रात्री साडेआठला बंद होतं, आणि मधले तीन तास हे असे जातात. "दनपरां गिरायक खंय येता?" (दुपारी गिऱ्हाईक कुठे येतं?) म्हणत त्यांनी वॉशर आणि टेफ्लॉन टेप काढून दिली. दादाने पैसे दिले आणि मनापासून कौतुकाने म्हणाला, "छान आहे काका तुमचं. एकदम निवांत." चिखल त्याला दिसला नव्हता असं नाही. बाहेर आल्यावर त्याने मला विचारलं, "इकडे पाऊस पडून गेला का रे?"

जेवून घटकाभर डाव्या कुशीवर पडण्याला मराठीत वामकुक्षी असा भारदस्त शब्द आहे. पुणेकर पडला की ते आरोग्य, कोल्हापूरकर पडला की तांबड्या रश्श्याचा अंमल, नागपूरकर पडला की ऊन, आणि गोवेकर पडला की सुशेगाद. गोवेकर पडलेला नसला, पोफळींना पाणी देत असला, तरीही सुशेगादच. एखाद्या प्रांतातली माणसं काय करतात, काय खातात, हे सांगताना आपल्या मनातले साचे बऱ्याचदा बरोबर निघतात. ती माणसं कशी आहेत हे सांगायला लागले की मात्र त्यांच्यातून बोलणाऱ्याचीच जास्त माहिती मिळते, असं माझं मत गोव्यात राहून झालं आहे.

अशा समजुतींना इंग्रजीत स्टिरिओटाइप म्हणतात. शब्द छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून धातूची अखंड प्लेट ओतून घेतली की तोच मजकूर हवा तितक्या वेळा छापता येतो, पुन्हा खिळे जुळवायची दगदग नाही. वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली तो माणसांविषयीच्या तयार समजुतींसाठी वापरला. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला. त्याची वसुली म्हणा हवं तर, पण आज देशात एवढा एकसारखा छापला गेलेला प्रांत दुसरा नसेल.

ती प्लेट सगळ्यांना पाठ आहे. गवती हॅट, गिटार, फेणी, आणि 'अरे मॅन' म्हणणारा एखादा अंकल. २०११च्या जनगणनेत गोव्यात हिंदू ६६ टक्के होते आणि ख्रिस्ती २५ टक्के. 'पोर्तुगिजांची ४५१ वर्षं' हा आकडाही १५१० साली घेतलेल्या तिसवाडीपुरताच खरा. बारदेश आणि सासष्टी त्यानंतर काही दशकांनी गेले. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे तालुके तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले. म्हणजे आमच्या फोंड्यात ते दोनशे वर्षंच होते. इथे जत्रेला देवळापुढे मराठी नाटक होतं, आरत्या मराठीत होतात, आणि नाटकाचं पाठांतर झालं की मंडळी चहा पिताना कोकणीत बोलतात. हा गोवा छापायला नवे खिळे जुळवावे लागतील, म्हणून तो कुणी छापत नाही.

पण साचे सगळे खोटेच असतात, असं म्हणणंही मला आळशीपणाचं वाटतं. (हा शब्द गोव्यात बसून वापरतोय, याची जाणीव आहे.) गोवेकर मासळीवर जीव टाकतो, हे खरं आहे. सोमवार आणि श्रावण पाळणाऱ्या घरांतसुद्धा मंगळवारी सकाळी बाजारात बांगड्याचा काय भाव चाललाय, याची चौकशी सोमवारीच होते. दारूचं घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत गोव्यातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण ३७ टक्क्यांनी आपण पितो असं सांगितलं. देशाचा आकडा १९च्या आसपास आहे. म्हणजे दुपटीला टेकलेला. हे नाकारून काय मिळणार? फक्त त्याच सर्वेक्षणात तेलंगण गोव्याच्या बरंच पुढे आहे आणि अरुणाचल त्याच्याही पुढे, पण हैदराबादहून आलेल्या जावयाला कुणी डोळा मारून 'मग, रोज बसता का?' असं विचारत नाही. मला पुण्यात प्रत्येक लग्नात विचारतात. मी पीत नाही म्हटलं की 'गोव्यात राहून?' असा दुसरा प्रश्न येतो. गोव्यातले साठाहून अधिक टक्के पुरुष माझ्यासारखेच आहेत, हे सांगायला तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही.

मासळी आणि दारू मोजता येतात. म्हणून तिथे साचा तपासता येतो, आणि अधूनमधून पासही होतो. ली जसिम नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत, की गटागटांतले मोजता येणारे फरक लोकांना बऱ्यापैकी अचूक ठाऊक असतात, आणि साचा म्हणजे खोटारडेपणा असं धरून चालणं हीच एक अंधश्रद्धा आहे. मला ते पटतं. अडचण स्वभावाची आहे. २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. जगभरातल्या ४९ संस्कृतींमधल्या सुमारे चार हजार लोकांना विचारलं, की तुमच्या देशातला नमुनेदार माणूस कसा असतो? मेहनती की ऐदी, मोकळा की घुमा, शांत की तापट? मग त्याच देशांतल्या खऱ्या माणसांच्या स्वभावचाचण्यांशी ही उत्तरं ताडून पाहिली. मेळच बसेना. आणि लक्षात घ्या, हे लोक शेजाऱ्यांविषयी बोलत नव्हते, स्वतःच्या देशबांधवांविषयी बोलत होते.

त्यामुळे 'अहो, गोवेकर स्वतःच अभिमानाने सुशेगाद म्हणवतात की!' हा युक्तिवाद टिकत नाही. म्हणवतात, खरं आहे. टी-शर्टवर छापतात, होमस्टेला नाव देतात. पर्यटकाला दोन दिवसांचा निवांतपणा विकायचा तर दुकानाच्या पाटीवर 'मी पहाटे पाचला उठतो' असं कोण लिहील?

सुशेगाद हा शब्द पोर्तुगीज 'सोसेगादो'वरून आला. अर्थ शांत, स्वस्थ. हा स्वस्थ माणूस नेमका कोण होता? जुन्या गोव्याचं जे चित्र डोळ्यांपुढे येतं त्यात बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, आरामखुर्ची टाकून बसलेला भाटकार असतो. भाटकार म्हणजे माडांचा, भाटांचा, जमिनीचा मालक. त्याच्या जमिनीत खोप बांधून राहणारा तो मुंडकार. भाटकाराचे नारळ पाडायचे, भाटाची राखण करायची, बोलावलं की जायचं. मुंडकार त्या चित्रात कुठेच नाही, कारण तो चित्राच्या चौकटीबाहेर माडावर चढलेला आहे. गोव्यात कुळांच्या संरक्षणाचा कायदा भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात १९६४ साली आला, मुंडकारांचा १९७५ साली. तोवर दुपारची झोप कुणाच्या वाट्याला होती, हे सांगायला समाजशास्त्रज्ञ नको. एका वर्गाची आरामखुर्ची आपण अख्ख्या प्रांताचा स्वभाव म्हणून स्वीकारली, आणि ज्यांच्या जिवावर ती खुर्ची हलत नव्हती त्यांच्या नातवंडांनाही आज तेच लेबल चिकटवतो.

हे पटत नसेल तर कधी भरतीच्या वेळी मांडवी-जुवारीच्या काठची खाजनं बघावीत. खाडीचं खारं पाणी मातीच्या बांधांनी अडवून मागे केलेली ही भातशेतं. बांधात लाकडी दारांची एक मोरी असते, तिला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. खारटपणा सोसणारा कोरगुट भात इथेच पिकतो. रचना इतकी साधी आणि हुशार, की पाहताना वाटतं आपोआपच चाललंय सगळं. पण बांधाला खेकड्याने भोक पाडलं आणि त्यातून भरतीचं पाणी शिरलं, तर शेत पुढची काही वर्षं भाताला मुकतं. म्हणून पावसाळ्यात, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, रात्री-बेरात्री कुणीतरी चिखल थापायला बांधावर उभं असावं लागतं. शतकानुशतकं ते उभं राहिलं. गावाच्या सामायिक जमिनीचा कारभार पाहणाऱ्या गांवकरीने, म्हणजे पुढच्या कोमुनिदादीने, त्याचा हिशेब ठेवला. चिखल मात्र हिशेब ठेवणाऱ्यांच्या नखांत फारसा गेला नसावा. समुद्राकडून हातभर जमीन मागून घेणाऱ्या लोकांना सुस्त म्हणायचं, तर मेहनती कुणाला म्हणणार?

समोरच्याचा सर्वांत मजबूत मुद्दा मला ठाऊक आहे. तो पर्यटकाकडून येत नाही, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतून येतो, बांधकामाच्या ठेकेदाराकडून येतो. 'स्थानिक पोरं शिफ्टला येत नाहीत. सरकारी नोकरी लागेपर्यंत बसून राहतात. काम करतात ते ओडिशाचे, बिहारचे, कर्नाटकचे.' हे निरीक्षण म्हणून खोटं नाही. आमच्या वाड्यावर सरकारी नोकरीची वाट पाहत तिशी गाठलेले दोघे-तिघे मीही दाखवीन. पण त्यावरून स्वभाव काढायचा असेल तर मग त्याच वाड्यावरचे बाकीचे कुठे आहेत तेही बघा. एक आखातात, दोन इंग्लंडात. स्विंडन नावाच्या त्या गावात इतके गोवेकर आहेत की फेस्ताला फेणीची आठवण काढायला माणसं कमी पडत नाहीत. एक क्रूझवर तारवटी. तारवटी म्हणजे बोटीवर कामाला जाणारा. महिनोन्‌महिने घराचं तोंड न बघता, दिवसाला दहा-बारा तास, खिडकी नसलेल्या केबिनमध्ये झोपून. मुंबईच्या धोबीतलाव-गिरगावातले गोवेकरांचे कूड कशासाठी निघाले? बोटीची वाट पाहणाऱ्या याच माणसांना टेकायला जागा हवी म्हणून. मल्याळी माणसाची कथाही हीच. केरळात म्हणे तो काम करत नाही, आखातात म्हणे त्याच्याएवढं कुणी करत नाही. विमानात बसल्यावर स्वभाव बदलतो काय? बदलतो तो पगार. शिकलेल्या, घर-परसू असलेल्या पोराला बारा तासांच्या शिफ्टसाठी जे देऊ करता, त्याला तो नाही म्हणतो. त्याला आळस म्हणायचं तर घासाघीस करणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्यालाही म्हणावं लागेल.

कोरियन अर्थतज्ज्ञ हा-जून चांग यांनी एक गंमत नोंदवली आहे. १९१५ साली एका ऑस्ट्रेलियन सल्लागाराला सरकारने कारखाने बघायला बोलावलं. बघून तो म्हणाला, तुमची माणसं कामावर बघितली, तुमची जमात भारीच समाधानी आणि सैलसर आहे, वेळेची काही किंमतच नाही तुम्हाला. व्यवस्थापकांनी मान डोलावली, म्हणाले रक्तातच आहे, बदलणं अशक्य. देश होता जपान.

राज्यकर्त्याची गरज बदलली की रक्तही बदलतं, याचं उदाहरण शोधायला मराठी माणसाला जपानपर्यंत जायचं कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येने होते. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. पुढे इंग्रजांच्या डोक्यात 'लढवय्या जमातीं'चं खूळ शिरलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. का, तर ते लढवय्ये नाहीत म्हणे. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर गुंडाळली. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली, ती आजही आहे. लढवय्ये, नालायक, लढवय्ये, नालायक, पुन्हा लढवय्ये. माणसं तीच, गावं तीच.

आता थोडं आमच्याकडे. गोव्यातल्या मराठी माणसाचाही एक साचा आहे. तो मराठी वाचतो, मराठी पेपर घेतो, म्हणजे मनातून तो महाराष्ट्रवादी. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं पडली. चौतीस हजारांचा तो फरक आमच्या कपाळावर अजून लिहिलेला असतो. कौल झाला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला मराठीत लिहायला आवडतं आणि गोवा वेगळं राज्य आहे याचा आनंद वाटतो, ही दोन वाक्यं एका दमात बोललो तर दोन्हीकडचे लोक पहिलं तेवढं ऐकतात. याउलट महाराष्ट्रात गेलो की 'अरे वा, तुमचं मराठी किती छान!' असं कौतुक होतं. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ मंगेशीचे. यांची नावं घेताना त्याच तोंडाला हे कौतुक कसं सुचतं, मला कळत नाही. असो. तक्रार करायची तर आपल्या जिभेपासून करावी.

कारण गोव्यात घाटी हा शब्द आहे. घाटावरून आलेला तो घाटी, मग तो बेळगावचा असो, सोलापूरचा नाहीतर थेट रायचूरचा. शिवी म्हणून कुणी मुद्दाम देत नाही. हवामानाविषयी बोलावं तितक्या सहज येतो. कचरा दिसला, घाटी. चोरी झाली, घाटी. बस भरली, घाटी. मीही म्हणत आलो. सुशेगाद म्हटल्यावर मी दादाला पाटीची आठवण करून देतो आणि संध्याकाळी नाक्यावर स्वतः 'घाट्यांनी गाव भरलाय' म्हणतो, यात मला बरीच वर्षं काही खटकलं नव्हतं. दोन्हीकडे युक्ती तीच. कचरा टाकणारा आपला असला तर तो बेशिस्त पोरगा, त्यांचा असला तर ती त्यांची जात.

आमच्या शेजारच्या आजींचं वरच्या मजल्याचं बिऱ्हाड भाड्याने द्यायचं होतं. फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "घाट्यांक दिना हांव." घाट्यांना देत नाही मी. एकदा फोन न करताच एक मुलगी दारात येऊन उभी राहिली. सोलापूरकडची, इथल्या एका इस्पितळात नर्स, कडेवर वर्षाची पोर, नवरा मालवाहू गाडीवर ड्रायव्हर. पोर रडत होती. आजींनी आधी पाणी आणलं, मग दुधात कुस्करलेलं बिस्किट, आणि संध्याकाळपर्यंत चावी दिली. अनामत निम्मीच घेतली.

रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाला १९३०च्या दशकात अमेरिकेत हेच दिसलं होतं. एका चिनी जोडप्याबरोबर तो देशभर हिंडला. तेव्हा चिन्यांविषयी तिथे उघड द्वेष होता. हॉटेलं, खाणावळी धरून २५१ ठिकाणी ते गेले, नकार मिळाला एका ठिकाणी. पुढे त्याच ठिकाणी पत्रं पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? ज्यांनी उत्तर दिलं त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक म्हणाले, नाही. कागदावर चिनी होता, दारात माणूस होता. मला हा निष्कर्ष फार दिलासा देणारा वाटायचा. एकदा समोरासमोर आलं की साचा वितळतो, असं मी धरून चाललो होतो.

त्या बिऱ्हाडाला आता सहा वर्षं झाली. ती पोर शाळेतून आली की आधी आजींच्या स्वयंपाकघरात जाते, शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशाची आमटी, जेवते, आजींसारखंच 'गो' लावून बोलते. मागच्या महिन्यात मागची खोली रिकामी झाली. कुणाचा तरी फोन आला. मी ओट्यावरच होतो. आजी म्हणाल्या, "घाट्यांक दिना हांव." फोन ठेवल्यावर मी हसत वर बोट दाखवलं. मग ही कोण?

आजींना माझा प्रश्नच कळला नाही. "ती?" त्या म्हणाल्या. "ती खंयची घाटी? ती आमची."

भाडं मात्र दर वर्षी पाचशेने वाढवतात.